चीन पाहायचाय? आधी नकाशावर दोन रेघा ओढा

"दहा दिवस आहेत रे, चीनमध्ये काय काय होईल?" हा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. कंपनीच्या कामासाठी सुझोऊला काही वर्षं काढली, तेव्हापासून ओळखीपाळखीत मी 'चीनवाला' ठरलोय. फोनच्या मागोमाग यादी येते: बीजिंग, शिआन, चेंगदू, झांगजियाजिये, गुइलिन, शांघाय आणि शेवटी 'जमलं तर ल्हासा'. म्हणजे काश्मीर, काझीरंगा, कच्छ आणि कन्याकुमारी एका आठवड्यात उरकायचं. होईलही कदाचित, पण परतल्यावर आठवतील ती रेल्वे स्टेशनं.

९६ लाख चौरस किलोमीटरचा देश, भारताच्या जवळजवळ तिप्पट. तो एका फेरीत बघायच्या भानगडीत पडू नका. एक तुकडा निवडा आणि तो नीट बघा. तुकडा निवडायचा कसा, एवढ्यासाठीच हा लेख.

१. दोन रेघा

चीनचा कोरा नकाशा घ्या. पहिली रेघ आडवी. शिआनच्या दक्षिणेला छिनलिंग नावाची डोंगररांग आहे. तिथून पूर्वेकडे निघून हुआय नदी धरून समुद्रापर्यंत जा. या रेघेच्या उत्तरेला गहू, दक्षिणेला भात. उत्तरेला वर्षाला ८०० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, दक्षिणेला जास्त. जानेवारीचं सरासरी तापमान या रेघेवर शून्याच्या आसपास येतं. हुआयच्या दक्षिणेकडचं गोड संत्रं उत्तरेत लावलं की कडू होतं, अशी तिथे फार जुनी म्हण आहे. माती-पाण्याचा हा हिशेब नागपूरकरांना वेगळा समजावून सांगायला नको.

प्रवाशाला या रेघेचा उपयोग काय? सरकारी हीटिंग. रेघेच्या उत्तरेला शहरांत घराघरांत गरम पाण्याचे पाइप फिरवलेले असतात. बीजिंगमध्ये ते १५ नोव्हेंबरला सुरू होतात आणि १५ मार्चला बंद. बाहेर उणे आठ असलं तरी आत माणसं बनियनवर बसलेली. दक्षिणेला ही सोय नाही. सुझोऊला जानेवारीत बाहेर तीन-चार अंश असायचे आणि घरातही जवळपास तेवढेच. पहिल्या हिवाळ्यात मी अंगावर कोट घालून पोळ्या लाटल्या आहेत. त्यामुळे 'दक्षिणेला जातोय, थंडी कमी असेल' असं समजून बॅग भरू नका. थंडी कमी असते, पण ती तुमच्याबरोबर झोपायला येते.

दुसरी रेघ तिरकी. वर ईशान्येला, रशियाच्या सीमेवरच्या हेइहपासून खाली नैर्ऋत्येला, म्यानमारच्या सीमेजवळच्या तेंगचोंगपर्यंत. हू ह्वानयोंग या भूगोलतज्ज्ञाने १९३५ साली ती काढली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. तेव्हाच्या हिशेबाने रेघेच्या आग्नेयेला ३६ टक्के जमीन आणि ९६ टक्के माणसं होती. आज सीमा आणि आकडे थोडे बदललेत, पण ९४ टक्क्यांच्या आसपास लोक अजूनही त्याच बाजूला राहतात. पलीकडे वाळवंट, गवताळ माळ आणि तिबेटचं पठार. अलीकडे गाड्या दर पंधरा मिनिटांनी, पलीकडे अंतरं आडदांड, उंची जास्त, परवानगीचे कागद आणि तपासणी नाके.

पहिल्यांदा जाणाऱ्याने तिरक्या रेघेच्या अलीकडेच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. चार शब्द पाठ करा

चिनी भाषा शिकायला वेळ नसतो, कबूल. पण चार दिशा शिका: दोंग म्हणजे पूर्व, शी म्हणजे पश्चिम, नान म्हणजे दक्षिण, बेइ म्हणजे उत्तर. या चार शब्दांनी अर्धा नकाशा उलगडतो. बेइजिंग म्हणजे उत्तरेची राजधानी, नानजिंग म्हणजे दक्षिणेची. हेबेइ आणि हेनान हे पिवळ्या नदीच्या उत्तरेचा नि दक्षिणेचा प्रांत. हुबेइ, हुनान सरोवराच्या दोन बाजूंचे. शानदोंग, शानशी डोंगराच्या पूर्वेचा आणि पश्चिमेचा. युन्नान म्हणजे ढगांच्या दक्षिणेला.

गंमत म्हणून नाही सांगत. मोठ्या शहरांत चार-चार स्टेशनं असतात आणि त्यांची नावंही अशीच: बीजिंग शी, बीजिंग नान. शांघायची गाडी सहसा नानवरून सुटते, शिआनची शीवरून. मी एकदा नीट न वाचता नानला जाऊन उभा राहिलो. माझी गाडी तेव्हा शहराच्या दुसऱ्या भागातून वेळेवर सुटत होती. चिनी गाड्या फार वेळेवर सुटतात, हा त्यांचा एक दोषच म्हणायचा.

३. तुकडा निवडा

बीजिंग आणि उत्तर. इतिहासाची आवड असेल तर पहिली फेरी इथेच. निषिद्ध नगरी, म्हणजे जुन्या सम्राटांचा महाल, १४०६ ते १४२० या काळात बांधली. सोमवारी बंद असते. तिकीट एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, बाकीचे महिने ४० युआन, आणि ते गेटवर मिळत नाही. सात दिवस आधी, तिथल्या रात्री आठ वाजता ऑनलाइन विक्री खुली होते. हंगामात ती तिकिटं आपल्या तत्काळसारखी उडतात. नोंदणी पासपोर्टच्या नंबरावर. आत शिरायचं दक्षिणेच्या दरवाजातून, बाहेर पडायचं उत्तरेला. बाहेर पडल्यावर पाय दुखत असले तरी समोरची जिंगशान टेकडी चढा. महालाची पिवळी कौलं सगळी एका नजरेत तिथूनच दिसतात.

चीनची भिंत बघायला बादालिंगला सगळी गर्दी जाते. तुम्ही मुतियान्युला जा. बीजिंगहून सत्तरेक किलोमीटर, वर जायला केबलकार, आणि खाली उतरायला घसरगुंडीची गाडी. बाबा सत्तरीचे असताना त्या घसरगुंडीवरून खाली आले आणि दिवसभर भिंतीऐवजी तिच्याबद्दलच बोलत होते.

उत्तरेतलं एक ठिकाण टूरवाले दाखवत नाहीत, पण आपण चुकवू नये: शिजियाज्वांग. बीजिंगहून जलद गाडीने सव्वा तासाच्या आसपास. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. शिजियाज्वांगच्या हुतात्म्यांच्या उद्यानात त्यांची समाधी आणि पुतळा आहे. उद्यान शांत, झाडं भरपूर. चीनमध्ये त्यांना 'क दीहुआ' म्हणतात. टॅक्सीवाल्याला हे नाव सांगितलं की पुढचं बोलणं आपोआप होतं, निदान जरा वयस्क टॅक्सीवाल्याशी.

शिआन आणि पश्चिमेची वाट. सम्राटाच्या थडग्याजवळची मातीच्या सैनिकांची फौज १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिआनमध्ये मला त्याहून जवळचा वाटला तो मोठा हंस पॅगोडा. ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवण्यासाठी तो ६५२ साली बांधला. हा तोच प्रवासी, ज्याने सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यातल्या आपल्या माणसांचं वर्णन 'मोहोलाछ', म्हणजे महाराष्ट्र, या नावाखाली लिहून ठेवलंय: उपकाराची जाण ठेवणारे, पण अपमानाचा सूड घेणारे. पॅगोड्याखाली उभं राहून हे आठवलं की अंतर एकदम कमी होतं. शिआनचा तटही बघा. परीघ साधारण १४ किलोमीटर, आणि वर सायकल भाड्याने मिळते.

इथून पश्चिमेला सरकलात तर लांझोऊ, मग मिंग काळातल्या भिंतीचं पश्चिम टोक असलेला जियायुग्वान किल्ला आणि पुढे दुनहुआंग. अजिंठा बघून ज्याच्या अंगावर काटा आलाय त्याने आयुष्यात एकदा दुनहुआंगच्या मोगाव लेण्यांत जावंच. सन ३६६ मध्ये खोदायला सुरुवात झाली. चित्रं आणि मूर्ती असलेली लेणी ४९२. तुम्हाला ती सगळी दिसत नाहीत. मुख्य तिकिटावर आठ. गाइड किल्लीने एकेक दार उघडते, आपण आत शिरतो, अंधारात तिच्या हातातला टॉर्च भिंतीवरून सरकतो आणि निळ्या-हिरव्या रंगातल्या अप्सरा वर तरंगताना दिसतात. फोटो काढायचा नाही. मग दार बंद, कुलूप, पुढचं लेणं. अजिंठ्यात कातळात कोरलेल्या मूर्ती आहेत. इथला दगड भुसभुशीत, खडीचा, त्यामुळे मूर्ती मातीच्या. हा फरक तिथे उभं राहिल्यावरच कळतो. हंगामातली तिकिटं बरीच आधी काढावी लागतात.

यांगत्से नदीच्या मुखाकडचा भाग. शांघाय, सुझोऊ, हांगझोऊ. मी इथे राहिलो, तेव्हा थोडा पक्षपात होणारच. शांघायला दोन दिवस पुरेत. तिथून सुझोऊ जलद गाडीने अर्धा तास. सुझोऊच्या नऊ बागा जागतिक वारशात आहेत, पण बाग म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतं ते लॉन आणि फुलांचे ताटवे इथे शोधू नका. ही घरं आहेत. भिंती, पाणी, दगड, बांबू आणि खिडक्या यांची. झुओझेंग युआन या बागेत पूर्वेच्या टोकाला पाण्याशी उभे राहा आणि पश्चिमेकडे बघा. तळ्याच्या शेवटी, झाडांच्या मधून एक उंच पॅगोडा दिसतो. वाटतं, बागेतलाच आहे. तो आहे चांगला किलोमीटरभर लांब, दुसऱ्याच देवळाचा. माळ्याने झाडं अशी राखलीत की मधलं शहर झाकलं जावं आणि पॅगोडा बागेत येऊन बसावा. याला तिथे 'उसना देखावा' म्हणतात. हे बघायला सकाळी दार उघडतं त्या वेळी जा. दहा वाजल्यानंतर तिथे फक्त टोप्या आणि गाइडचे झेंडे दिसतात.

हांगझोऊच्या पश्चिम सरोवराभोवती चाला आणि वसंतात गेलात तर लोंगजिंगच्या चहाच्या मळ्यांत जा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पितरांचा छिंगमिंग सण येतो, त्याआधी खुडलेला चहा सगळ्यात महाग. जून-जुलै मात्र टाळा. तेव्हा इथे 'आलुबुखाराचा पाऊस' लागतो. नाव गोड, पण हाल आपल्या कोकणातल्या जुलैसारखे. माझ्या कपाटातल्या पट्ट्यावर बुरशी आली होती.

नैर्ऋत्य: सिचुआन आणि युन्नान. मुलं बरोबर असतील तर चेंगदू. पांडा केंद्रात सकाळी दार उघडताना हजर राहा. पांडा सकाळी खातात, नंतर झोपतात आणि ऊन तापलं की त्यांना आत, एसीत नेतात. दुपारी बाराला जाऊन 'पांडा दिसलेच नाहीत' म्हणणारे मला दर वर्षी भेटतात. लेशानचा ७१ मीटर उंच बुद्ध चेंगदूहून एका दिवसात होतो. तो घडवायला ७१३ ते ८०३, म्हणजे ९० वर्षं लागली.

पण एकच तुकडा निवडायचा असेल, आणि घरात वयस्क माणसं, शाकाहारी माणसं, गर्दीला कंटाळलेली माणसं असतील, तर मी युन्नान सांगेन. कुनमिंग साधारण १९०० मीटरवर आहे. तिथे कडक उन्हाळा नाही, कडक हिवाळा नाही, म्हणून त्याला 'वसंताचं शहर' म्हणतात. तिथून दाली, मग २४०० मीटरवरचं लिजियांग, आणि नोव्हेंबर २०२३ पासून थेट शांग्रीलापर्यंत रेल्वे. शांग्रीलाचं आधीचं नाव झोंगदियान. २००१ मध्ये पर्यटनासाठी ते बदललं, आणि चाललं की! हळूहळू उंची वाढत जाते, त्यामुळे शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. इथे बाई, नाशी, यी, दाइ असे कितीतरी समाज राहतात आणि प्रत्येक खोऱ्यात पेहराव, घरं, भाषा बदलते.

दक्षिणेचे डोंगर. गुइलिन ते यांगशुओ, ली नदीतून ८३ किलोमीटर. दोन्ही बाजूंना साखरेच्या गाठींसारखे उभे चुनखडीचे डोंगर. वाटेतल्या शिंगपिंग गावाजवळचा देखावा २० युआनच्या नोटेच्या मागे छापलाय. तिथे उभं राहून नोट डोळ्यांसमोर धरायची आणि मागचे डोंगर जुळवायचे, हा तिथला सगळ्यांचा उद्योग. खरं तर नोटांचा अख्खा संच म्हणजे छापील सहल आहे: १ युआनवर हांगझोऊचं सरोवर, ५ वर ताइ पर्वत, १० वर यांगत्सेची घळ, ५० वर ल्हासाचा पोताला. फक्त आता मोबाईलच्या जमान्यात नोटा बघायलाच मिळत नाहीत. एक संच मुद्दाम बँकेतून घ्या.

ईशान्य. हारबिन. बर्फाचा महोत्सव ५ जानेवारीच्या सुमारास सुरू होतो आणि फेब्रुवारीत वितळेपर्यंत चालतो. सोंगहुआ नदीतला बर्फ कापून त्याचे महाल उभारतात. तापमान उणे वीस-पंचवीस. मोबाईल आतल्या खिशात ठेवा, बाहेर काढला की पाच मिनिटांत बॅटरी मान टाकते. दोन दिवस पुरे.

तिरक्या रेघेपलीकडे. तिबेटसाठी व्हिसाखेरीज वेगळा परवाना लागतो, तो तिथल्या ट्रॅव्हल एजन्सीमार्फतच मिळतो आणि एकट्याने फिरता येत नाही. ल्हासा ३६५० मीटरवर आहे, पहिले दोन दिवस काही करू नका. कैलास-मानसरोवराची यात्रा २०२५ पासून पुन्हा सुरू झाली, पण तिची नोंदणी आणि वाट वेगळी. शिंजियांग हा एकटा प्रांत देशाचा सहावा हिस्सा, आपला महाराष्ट्र त्यात पाच वेळा बसेल.

तिथली वेळेची गंमत सांगतो. अख्ख्या चीनची वेळ एकच, बीजिंगची, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. पण काशगर आणि सोलापूर जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. सोलापुरात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा साडेबाराचा सुमार असतो. त्याच क्षणी काशगरमध्येही मध्यान्ह, पण भिंतीवरचं घड्याळ सांगतं तीन. डिसेंबरात तिथे सकाळी दहानंतर उजाडतं. स्थानिक लोक आपापसात दोन तास मागचं घड्याळ वापरतात, तेव्हा कोणी वेळ दिली की 'बीजिंगची की इथली?' एवढं विचारा.

४. तारीख ठरवा, म्हणजे सुट्ट्या टाळा

सप्टेंबरचा मध्य ते महिनाअखेर, ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, आणि एप्रिल. बहुतेक भागांसाठी हे तीन काळ उत्तम. १ ते ७ ऑक्टोबर जाऊ नका. चिनी नववर्षाच्या आगेमागे जाऊ नका. १ मेच्या आठवड्यात जाऊ नका. गणपतीत कोकणात जाणारी गर्दी डोळ्यासमोर आणा आणि तिच्यामागे एकशे चाळीस कोटींच्या देशाचा जोर लावा. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी कधीकधी ऑक्टोबरअखेर येते, ती मात्र अगदी जुळते.

५. कागदपत्रं

व्हिसा आधी काढावाच लागतो. 'चीनमध्ये २४० तास बिनव्हिसा' असे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. ती सवलत ठरावीक देशांच्या पासपोर्टला आहे आणि त्या यादीत भारत नाही. हाँगकाँग बघून परत चीनमध्ये यायचं असेल तर दोन प्रवेशांचा व्हिसा मागा, कारण हाँगकाँगला जाणं म्हणजे चीनमधून बाहेर पडणं. एका प्रवेशाच्या व्हिसावर गेलेले आमच्या ओळखीतले एक काका-काकू शेन्झेनच्या सीमेवर अडकले होते, आणि त्यांच्या बॅगा ग्वांगझोऊच्या हॉटेलात. हाँगकाँगसाठी भारतीयांना वेगळी ऑनलाइन पूर्वनोंदणीही लागते.

२०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंदणी हॉटेलच करतं. नातेवाइकांकडे उतरलात तर २४ तासांत जवळच्या पोलीस चौकीत जाऊन ती तुम्हाला करावी लागते. हे बरेच जण विसरतात.

६. मोबाईल तयार करा, तोही घरूनच

गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे इथल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक. तो डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातून जातो, त्यामुळे घरी व्हिडिओ कॉल करता येतो. हॉटेलचं वायफाय लावलंत की मात्र व्हॉट्सॲप गप्प. नकाशासाठी अमॅप हे तिथलं ॲप इंग्रजीत मिळतं, ते घ्या.

पैसे द्यायला अलीपे आणि वीचॅट ही तिथली ॲप. दोन्हींना व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, पण बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्या. ओटीपी येणारं सिम फोनमध्येच राहू द्या. २०० युआनच्या आतल्या खरेदीवर वेगळं शुल्क लागत नाही, त्याहून मोठ्या खरेदीवर ३ टक्के. एक युआन साधारण बारा रुपयांचा. भाजीवाली, रिक्षा, देवळातली दानपेटी, सगळीकडे क्यूआर. आपल्याला त्याची सवय आहेच, तिथे युरोपियन लोकांची जेवढी तारांबळ उडते तेवढी आपली उडत नाही.

७. रेल्वे

विमान फक्त फार लांबच्या पल्ल्याला. बाकी सगळं रेल्वेने. बीजिंग ते शांघाय १३१८ किलोमीटर, जलद गाडीला साडेचार तासांच्या आत-बाहेर. गाडीच्या नंबरापुढचं अक्षर बघा: जी सर्वांत वेगवान, डी त्याखालोखाल, झेड, टी, के या जुन्या लांब पल्ल्याच्या. दुसऱ्या वर्गाची आसनं आपल्या चेअर कारपेक्षा ऐसपैस आहेत, पहिल्याचा खर्च करू नका.

तिकिटं १५ दिवस आधी खुली होतात. १२३०६ हे रेल्वेचं स्वतःचं ॲप इंग्रजीत आहे. त्यात पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ लागतो, म्हणून निघण्याआधी महिनाभर ते काम उरका. कागदी तिकीट नाही, पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित फाटक तो वाचत नसेल तर कडेला माणूस बसलेल्या फाटकातून जा.

स्टेशनवर तासभर आधी पोहोचा. विमानतळासारखी तपासणी असते. आई-बाबांना घेऊन निघालो होतो तेव्हा आईच्या पर्समध्ये सफरचंद कापायची छोटी सुरी निघाली. आई मराठीत, तपासणीची मुलगी चिनीत, आणि दोघींनाही दुसरीचं सगळं कळत होतं. सुरी राहिली, सफरचंदं गेली बरोबर. विमानात पॉवर बँकेचं तसंच: २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत 'थ्री सी' हा चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राचा शिक्का नसलेली पॉवर बँक चालत नाही. इथून नेलेल्या बहुतेकींवर तो नसतो. तिथे उतरल्यावर एक विकत घ्या.

प्रत्येक स्टेशनात आणि डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, फुकट. झटपट पोह्यांची, उपम्याची पाकिटं आणि झाकणाचा स्टीलचा डबा न्या. आम्ही ताशी ३५० किलोमीटर वेगाने जाताना उपमा खाल्लाय, आणि शेजारचे आजोबा त्यांच्या नूडल्सच्या वाटीवरून वास घेत बघत होते.

८. जेवण

प्रांत बदलला की ताट बदलतं. उत्तरेत नूडल्स, वाफवलेले पाव, डंपलिंग. दक्षिणेत भात. ग्वांगदोंगचं सौम्य, शांघायकडचं गोडसर, हुनानचं नुसतं तिखट, सिचुआनचं तिखट आणि वर जीभ बधिर करणारं. ती बधिरता तिथल्या मिरीची. आपल्या तिरफळाची ती बहीण, कोकणातल्यांना चव ओळखीची वाटेल.

शाकाहाऱ्यांनी हे नीट वाचा. 'मांस नको' म्हटलं की तुकडे काढतात, रस्सा तोच राहतो. मापो टोफूत खिमा असतो. सुक्या परतलेल्या घेवड्यातही बहुतेक वेळा असतो. चोंगछिंगच्या प्रसिद्ध हॉट पॉटचा लाल रस्सा गाईच्या चरबीत करतात, न विचारता कधीच बसू नका. वनस्पती तेलातला मागायचा तर शब्द 'छिंगयोऊ'. मोबाईलवर चिनी लिपीत एक ओळ लिहून ठेवा: मांस, मासे, अंडी, मांसाचा रस्सा, प्राण्यांची चरबी काही चालत नाही. भाषांतराचं ॲप हे काम चोख करतं. बौद्ध देवळांजवळच्या 'सू' जेवणाच्या खानावळी शोधा, तिथे कांदा-लसूणही नसतो.

बाकी सांभाळून घेणारे पदार्थ आहेत. ईशान्येचं 'दीसानश्येन', म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची. शिआनचं 'योऊपो' नूडल्स: रुंद पट्ट्यांवर तिखट आणि लसूण ठेवतात आणि वरून कडकडीत तेल ओततात. तो चुर्र आवाज आणि वास आला की कळतं, ही फोडणीच आहे, फक्त शेवटी घातलेली. आणि युन्नानमध्ये 'रूबिंग', शेळीच्या दुधाचं पनीर, तव्यावर खरपूस भाजून वर मीठ-तिखट. बाबांनी सलग चार दिवस तेच खाल्लं.

९. तर त्या दहा दिवसांचं काय?

फोनवाल्यांना हल्ली मी एकच आराखडा पाठवतो. चार रात्री बीजिंग: एक दिवस निषिद्ध नगरी आणि जिंगशान, एक दिवस मुतियान्यु, एक दिवस जुन्या गल्ल्या आणि स्वर्गाचं मंदिर. पाचव्या दिवशी सामान घेऊन बीजिंग शीवरून निघा. शिआनची गाडी शिजियाज्वांग, झेंगझोऊ, लोयांग अशीच जाते, त्यामुळे शिजियाज्वांगला उतरा, सामान क्लोकरूममध्ये टाका, डॉ. कोटणीसांच्या समाधीवर जाऊन या आणि दुपारच्या गाडीने लोयांग गाठा. तिथे दोन रात्री. लोंगमेनच्या लेण्यांतला सतरा मीटरचा बुद्ध सकाळच्या उन्हात बघा. श्वेताश्व मंदिराच्या आवारात भारताच्या मदतीने बांधलेला, सांचीच्या वळणाचा स्तूप आहे. २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. एप्रिलमध्ये गेलात तर पेओनीची फुलं बहरात असतात. लोयांगहून शिआन दोन तासांच्या आत, तिथे तीन रात्री. परतीचं विमान शिआनहूनच घ्या. बीजिंगला मागे फिरलात तर एक अख्खा दिवस त्यातच जातो.